मंगळ लंडनला, शुक्र रोमला

लंडनच्या पाच दिवसांपैकी चार पावसात, रांगांत आणि पायाच्या फोडांत गेले. ते राहू द्या. सांगायचंय ते हाइड पार्क कॉर्नरच्या अ‍ॅप्सली हाउसमधल्या जिन्याबद्दल.

घर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, म्हणजे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणाऱ्या इंग्रज सेनापतीचं. जिन्यापाशी वळले तर समोर नेपोलियन! अकरा फुटांहून उंच, संगमरवरी, आणि लाज राखायला अंजिराचं एक पान. इटालियन शिल्पकार कानोव्हाने १८०२ ते १८०६ मध्ये त्याला मार्स, म्हणजे रोमनांचा युद्धदेव (ग्रहांत आपला मंगळ), करून घडवला; तोही शांतता आणणारा. म्हणून तलवार खोडाला टांगलेली आणि हातात सोनेरी विजयदेवता. तोफा डागत देशोदेशी फिरणाऱ्याने शांतिदूत म्हणून उभं राहायचं? मला हसूच फुटलं. खुद्द नेपोलियनला १८११ मध्ये तो फारच पैलवानी वाटला आणि पुतळा पडद्याआड गेला. वॉटर्लूनंतर, १८१६ मध्ये, इंग्रज सरकारने तो विकत घेतला आणि राजपुत्राने वेलिंग्टनला देऊन टाकला. हरलेला कायमचा जिंकलेल्याच्या जिन्याशी!

नेपोलियनची बहीण पोलीन मला आधी रोमच्या बोर्गेझे गॅलरीत भेटली होती. तिला कानोव्हानेच विजयी व्हीनस, म्हणजे रोमनांची प्रेमदेवता (ग्रहांत आपला शुक्र), केलंय: हातात सफरचंद, अंग लवंडलेलं, आणि खालची दगडी गादी चक्क दबलेली. पण तिथे दोन तासांत बाहेर काढतात, त्यातला निम्मा वेळ मी लोकांच्या पाठीच पाहिल्या. भाऊ युद्ध, बहीण प्रेम, एकाच घरातली. आपल्याकडे मंगळ आठवतो तो पोरीचं लग्न अडलं की.

मग भांड्यांच्या खोलीत गेले आणि हसू मावळलं. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा संच, नाव ‘डेक्कन सर्व्हिस’. दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी वेलिंग्टनला दिलेला. माझं आजोळ भोकरदनचं. तिथून जवळच असई, जिथे २३ सप्टेंबर १८०३ ला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. मार्स-व्हीनसच्या गप्पा मारत मी आजोळच्याच शिवारात येऊन पोचले होते.

राखणीला बसलेल्या आजी म्हणाल्या, “असई? ड्यूक तीच आपली सर्वांत चांगली लढाई मानत. आता काय आहे तिथे?”

“कापूस,” मी म्हटलं. “आणि मका.”

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाला काचेला हात लावू नका म्हणून सांगायला गेल्या.