तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या क्विझमध्ये आकाश का नाही?

आमच्या ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या ढगाळ रात्रीच हा प्रश्न येतो. "तुम्ही सगळे तारे बघणारे, दुर्बिणी घेऊन रात्र रात्र जागणारे, आणि तुमच्या क्विझमध्ये आकाशावर एकही प्रश्न नाही? असं कसं?" घरच्यांनी विचारून झालंय, ऑफिसमधल्यांनी विचारून झालंय, मागच्या महिन्यात तर एका आठवीतल्या मुलाने असं काही रागावून विचारलं की बिचारा खास अभ्यास करून आला असणार. त्याला मी तेव्हा "नियम आहे बाळा" एवढंच म्हटलं. ते काही उत्तर नव्हे, म्हणून आता सविस्तर सांगते.

आधी क्विझ का, ते. आकाशनिरीक्षणात निम्मा वेळ वाट बघण्यात जातो हे तुम्हाला कोणी आधी सांगत नाही. ढग आले की सगळं ठप्प. बरं, ढग पाच मिनिटांत जातील की पहाटेपर्यंत बसतील याचा भरवसा नाही, त्यामुळे सामान आवरून घरीही जाता येत नाही आणि मोबाईल काढून टाइमपासही करता येत नाही, कारण डोळ्यांना अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा का स्क्रीनचा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की ती सगळी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आमच्याकडे फोन बंद. मंद लाल टॉर्च चालतो, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. तर विचार करा, वीस-पंचवीस माणसं मिट्ट काळोखात चटयांवर बसलेली, कोणाचा चेहरा दिसत नाही, फोन नाही, वर ढग. प्रश्नमंजुषा सुरू होणारच होती. आणि गूगल करून फसवायचा प्रश्नच नाही, कारण कोणी फोन काढला की त्याचं तोंड उजळतं आणि सगळे एकदम ओरडतात.

सुरुवातीला अर्थातच प्रश्न आकाशाचेच होते. दुसरं सुचणार काय? कोणत्या ग्रहाचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो (शुक्र; स्वतःभोवती फिरायला 243 दिवस, सूर्याभोवती 225), युरेनस कोणी शोधला आणि कधी (विल्यम हर्शेल, 1781), असले. आणि व्हायचं काय, की आमच्यात तीन जण आहेत, त्यांना हे सगळं झोपेतसुद्धा येतं, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर हजर. बाकीचे बावीस जण श्रोते. मी तेव्हा वर्षभर जुनी होते ग्रुपमध्ये, मला शुक्राचं उत्तर येत होतं, पण ते तीन आवाज इतके पटकन यायचे की मी तोंड उघडायचंच सोडून दिलं. अंधारात एक बरं असतं, कोण गप्प आहे ते दिसत नाही. आणि तेच वाईटही असतं.

मग 2019 च्या शेवटी शेवटी तो गुरू-शनीचा राडा झाला. प्रश्न साधा होता, सर्वात जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला? क्विझमास्टरच्या कागदावर उत्तर गुरू, 79 चंद्र. तिघांतले एक काका म्हणाले शनी, 82, आत्ताच ऑक्टोबरमध्ये वीस नवीन जाहीर झालेत. कागद खरा की काका खरे यावर जी जुंपली, ढग गेले तरी कोणाचं लक्ष नाही! वर आकाश स्वच्छ, तोच शनी पश्चिमेला मावळून गेला आणि खाली त्याच्यावरून भांडण चाललंय. गंमत म्हणजे 2023 च्या सुरुवातीला गुरू पुन्हा पुढे गेला, काही महिन्यांत शनीने परत गाठलं, आणि मार्च 2025 मध्ये शनीच्या चंद्रांचा आकडा एकदम 274 वर गेला. म्हणजे त्या रात्रीचे आकडे दोन्ही आता रद्दी. पण त्या रात्री दोन माणसं न बोलता घरी गेली, ते काही रद्द झालं नाही.

पुढच्या ढगाळ रात्री क्विझ नकोच असं म्हणत होते सगळे. तेव्हा स्कोअर ठेवणारे दादा बोलले. त्यांचं काम असं, की अंधारात लिहिता येत नाही म्हणून दोन टीमचे दोन पत्र्याचे डबे, आणि बरोबर उत्तराला डब्यात एक खडा, टण्णकन आवाज येतो, सगळ्यांना कळतं. दीड वर्षात मी त्या माणसाचा फक्त टण्णच ऐकला होता. ते म्हणाले, मी एक विचारू का? अन्न हवाबंद करून ठेवायचा पत्र्याचा डबा आधी आला, का तो उघडायचं ओपनर?

हसले सगळे. डबाच आधी, ओपनर आधी कशाला येईल? दादा म्हणाले बरोबर, आता सांगा ओपनर किती वर्षांनी आला.

आणि पहिल्यांदाच त्या तिघांकडून काही आलं नाही. शांतता. मग कोणीतरी म्हणालं दोन वर्षं, कोणी म्हणालं लगेच, नाहीतर खाणार कसं. एक बाई, ज्यांचा आवाज मी आधी ऐकलाच नव्हता, त्या म्हणाल्या की थांबा, आधी डबे कोणी वापरले असतील? सैन्याने आणि जहाजांवर. त्यांच्याकडे हत्यारं असतात. मग ओपनरची घाई कोणाला होती? दुसरं कोणी म्हणालं की सुरुवातीचे डबे जाड लोखंडी असणार, हातातल्या छोट्या ओपनरने उघडलेच नसते, पत्रा पातळ होईपर्यंत थांबावं लागलं असेल. असं करत करत आकडा वीस, तीस, चाळीसवर गेला. उत्तर आहे अठ्ठेचाळीस. डब्याचं पेटंट 1810, पीटर ड्युरँड. ओपनरचं 1858, एझ्रा वॉर्नर. मधली सगळी वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. आणि पातळ पत्र्याचा अंदाजही बरोबर निघाला.

कोणालाच उत्तर येत नव्हतं आणि तरी ते सापडलं, हे मला फार आवडलं. त्या रात्रीच ठरलं, आकाश बाद. वरचं ज्ञान दुर्बिणीपाशी दाखवा, चटईवर सगळे सारखेच अडाणी.

तर हे झालं मूळ उत्तर. पण "मग कसले प्रश्न विचारता" हा उपप्रश्न लगेच येतोच, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्यावरच जास्त बोलायचंय.

माझ्या मते प्रश्न चांगला की वाईट हे उत्तर न येणाऱ्याकडे बघून ठरवावं. येणाऱ्याला काय, कुठलाही प्रश्न चांगलाच वाटतो. अमुक देशाची राजधानी कोणती, या प्रश्नात न येणाऱ्याला करण्यासारखं काहीच नाही. येतं किंवा नाही येत, विषय संपला. पण प्रश्न असा असेल की क्लिओपात्रा काळाच्या हिशोबाने कोणाला जास्त जवळची, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्यांना की चंद्रावर उतरणाऱ्यांना, तर मग तुम्हाला दोन्ही तारखा धड माहीत नसल्या तरी चाचपडता येतं. पिरॅमिड इसवी सनापूर्वी 2560 च्या आसपासचा, ती गेली इसवी सनापूर्वी 30 मध्ये, म्हणजे मधे अडीच हजार वर्षं. आणि तिच्यापासून 1969 पर्यंत जेमतेम दोन हजार. बोटांवर मोजणारे अंधारात ऐकू येतात.

(या प्रश्नावर अपील झालं होतं. चंद्रावर उतरणं म्हणजे आकाश, म्हणून प्रश्न बाद करा. पंधरा मिनिटं गेली त्यात. शेवटी निकाल असा लागला की चंद्र आकाशात असतो पण उतरणं इतिहासात असतं.)

"आधी कोण" हा प्रकार मग इतका चालला की त्याचा चोथा झाला. फॅक्सचं पेटंट 1843, टेलिफोनचं 1876, म्हणजे फॅक्स आधी. डोबरायनरचा लायटर 1823 चा, घासून पेटणारी काडेपेटी त्यानंतर तीन-चार वर्षांनी, म्हणजे लायटर आधी. सगळ्यांना पॅटर्न कळला, जे वाटतं त्याच्या उलट सांगायचं. मग मी एकदा मुद्दाम विचारलं, दुचाकी आधी की मोटारकार? दोन्ही टीम छातीठोकपणे "कार!" पाय जमिनीवर रेटत चालवायची पहिली दुचाकी 1817 ची, बेंझची मोटार 1886 ची. दोन्ही डबे गप्प. त्या रात्री मला जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या नंतर कधी नाही, म्हणजे एकदाच.

ती एक वेळ पण सांगते. मी विचारलं, जगातला सर्वात उंच पर्वत? सोपा बोनस म्हणून. एका टीमने एव्हरेस्ट सांगितलं, मी म्हटलं बरोबर, आणि टण्ण व्हायच्या आत दुसरी टीम म्हणाली, कुठून मोजायचा? समुद्रसपाटीपासून असेल तर एव्हरेस्ट. समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून मोजला तर हवाईचा मौना केआ, दहा हजार मीटरच्या वर. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूरचं टोक म्हणाल तर इक्वेडोरचा चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. आता इथे मी म्हणायला हवं होतं की प्रश्न माझा कच्चा आहे. नाही म्हटलं. मी अडून बसले, शाळेत काय शिकवतात वगैरे बोलले, म्हणजे गुरू-शनीच्या रात्रीचा तो कागदच झाले मी. दुसऱ्या दिवशी कळलं सगळं. आता नियम आहे, मास्तर चुकला तर दोन्ही डब्यांत खडा, वाद नाही.

म्हणूनच तयार प्रश्नांच्या लिस्टा आम्ही आणत नाही. कोण कुठून काय उचलतो भरवसा नसतो. फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने असल्या माहितीचा एक जाडजूड कोश केला होता आणि त्यात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरली, की टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. ट्रिव्हियल पर्सूट हा बोर्डगेम आला आणि त्यात उत्तर काय, तर फिलिप! चोर सापडला म्हणून हा गडी 1984 मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावून मोकळा. हरला. माहितीवर कोणाची मालकी नसते म्हणे. त्याचा राग मला समजतो, पण मला त्या खेळ बनवणाऱ्यांचं जास्त हसू येतं.

अजून एक नियम आमचा स्वतःचा आहे, "जिभेवर". उत्तर जिभेवर आहे पण येत नाही असं झालं, तर पहिलं अक्षर सांगा. बरोबर निघालं तर अर्धा मार्क, म्हणजे लहान खडा. हे लाड वाटतील, पण याला आधार आहे. 1966 मध्ये ब्राउन आणि मॅकनील या दोघांनी विद्यार्थ्यांना अवघड शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या होत्या, आणि शब्द आठवत नसलेल्यांनाही बरेचदा त्याचं पहिलं अक्षर, लांबी वगैरे बरोबर सांगता आलं. त्यांच्या शब्दांतला एक होता सेक्स्टंट, समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र. तो आमच्या तिघांना नक्कीच लगेच आला असता, म्हणून तो आमच्याकडे बाद.

सगळेच प्रश्न जमतात असं नाही हां. 23 माणसं असली की कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, हे सिद्ध करायला मी एकदा चोवीस जणांना अंधारात एकेक करून तारीख ओरडायला लावली. एकही जोडी नाही. निम्मी शक्यता म्हणजे निम्मीच, हे मी समजावत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. फायदा एवढाच झाला की आता सगळ्यांचे वाढदिवस सगळ्यांना माहीत आहेत.

आणि शेवटचा नियम, ढग फाटले की खेळ तिथल्या तिथे बंद. प्रश्न अर्धा असेल तर अर्धा, उत्तर राहिलं असेल तर पुढच्या ढगाळ रात्री, तोपर्यंत शोधायचं नाही आणि मास्तरने सांगायचं नाही. मागच्या वेळी दादांच्या टीमला मी विचारलं होतं की सर्वात जास्त टाइमझोन कोणत्या देशात, आणि तेवढ्यात वर फट पडली, सगळे दुर्बिणींकडे पळाले. उत्तर फ्रान्स, जगभर विखुरलेले त्याचे प्रदेश धरून बारा, रशियात अकरा. तुम्हाला सांगितलं, तुम्ही त्यांना सांगू नका. दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्यांचा मेसेज, "रशिया ना?" मी म्हटलं ढग येऊ देत. त्यानंतर सलग तीन आठवडे आकाश काचेसारखं स्वच्छ आहे, आणि काल त्यांचा पुन्हा मेसेज आला, यावेळी ग्रुपवरच, की यंदा ढगांचं काही लक्षण दिसतंय का कोणाला.