.308 साठी पावडर निवडताना: व्हार्गेट, 4064 की 748?

फिनिक्समध्ये उन्हाळ्यात पारा 43 अंशांच्या वर जातो आणि जानेवारीत पहाटे बोटं गारठतात. रायफलची .308 विंचेस्टर काडतुसं घरी भरायला लागलो, तेव्हा पावडर (गोळी ढकलणारी दारू) निवडताना माझ्यासाठी तापमानाचा हा फरकच निर्णायक ठरला. दुकानात मात्र जो तो आधी गोळीच्या वेगाचंच विचारतो.

पुण्याच्या मित्रांसाठी आधीच सांगतो: भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. इथे ॲरिझोनात स्वतःच्या वापरासाठी ती भरता येतात.

वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) साफ करणं, डायमधून (पोलादी साच्यातून) मापात आणणं, नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बसवणं हे सगळं लवकर हातात बसतं. खरा विचार पावडरीचा. 168 ग्रेन (वजनाचं छोटं माप) वजनाच्या, नेमबाजी स्पर्धेच्या मॅच गोळीसाठी मी तीन पावडरी घेतल्या: आयएमआर 4064, हॉजडनची व्हार्गेट आणि विंचेस्टर 748.

डबे उघडले की फरक डोळ्यांनाच दिसतो. 4064 चे दाणे लांबट काड्यांसारखे. पावडर मापकातून सोडताना त्या अडकतात, दांडा दाबला की कचकन कापल्या जातात आणि प्रत्येक मापाचं वजन थोडं इकडेतिकडे होतं. व्हार्गेटच्या काड्या आखूड, म्हणून ती जरा बरी वागते. 748 चे दाणे बारीक आणि गोलसर. ती पाण्यासारखी वाहते, माप जवळजवळ सारखंच पडतं. भरायचा वेग बघितला तर 748 ला तोड नाही. पहिल्या दोन्हींसाठी मी मापकातून थोडी कमी सोडतो आणि उरलेली काट्यावर चिमटीने पुरी करतो. एका पौंडात 7000 ग्रेन असतात, त्यावरून हे काम किती नाजूक आहे ते कळेल.

बेन एव्हरी या इथल्या नेमबाजी रेंजवर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून तिन्ही तपासल्या. एकाच सकाळी काही काडतुसं बर्फाच्या डब्यात गार ठेवलेली, काही सावलीत हवेच्या तापमानाला. उन्हात तापवलेलं काडतूस मुद्दाम झाडायचं नाही, कारण तापमानाबरोबर नळीतला दाबही वाढतो. व्हार्गेटचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखा राहिला. 748 चा स्पष्ट वाढला. 4064 मधोमध, पण अचूकतेत ती व्हार्गेटच्या तोडीस तोड.

200 यार्डांवर हा फरक कागदावर दिसतही नाही. 600 यार्डांवर मात्र सेकंदाला 50 फुटांचा फरक गोळीला चार-पाच इंच वर किंवा खाली नेतो. डिसेंबरात लावलेला नेम जूनमध्ये चुकायला एवढं पुरेसं आहे. म्हणून मी व्हार्गेट घेतली. ती ऑस्ट्रेलियात मुलवाला इथे बनते आणि कधी कधी महिनोन्महिने दुकानात दिसत नाही. तेव्हा 4064 वापरतो.

नावांबद्दल फार जपा. एच (म्हणजे हॉजडन) 4895 आणि आयएमआर 4895 या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एच 4350 आणि आयएमआर 4350 यांचंही तसंच. एकीचे आकडे दुसरीला लावणं धोक्याचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडची शिल्लक 4895 विकत घेऊन धंदा उभा केला, म्हणून 4895 हा आकडा हॉजडन आणि आयएमआर या दोन्ही घराण्यांत आढळतो. माझ्या टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असतो, आणि उरलेली पावडर काम संपताच त्याच डब्यात परत जाते.

मी किती ग्रेन भरतो ते इथे मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक रायफलची नळी वेगळी, पुंगळीची जाडी वेगळी. पावडर बनवणाऱ्याचं मॅन्युअल उघडा, त्यात दिलेल्या सुरुवातीच्या मापापासून हळूहळू वर चढा आणि प्रायमर चपटा व्हायला लागला किंवा रायफलचा बोल्ट (मागून नळी बंद करणारा दट्ट्या) जड उघडायला लागला, म्हणजे दाब जास्त होतोय, तर तिथेच थांबा. डब्यावरचा लॉट नंबर बदलला, तरी मी पुन्हा खालच्या मापापासूनच सुरू करतो.