करिंथच्या पंगतीत वाचलेलं पत्र

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मेजाकडे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी पाळकसाहेब ठरलेला उतारा वाचतात. जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल, तो प्रभूच्या शरीरासंबंधी दोषी ठरेल. बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. हे कानावर पडलं की कितीतरी साधी, कष्टाळू माणसं मेजाकडे न जाता बाकावरच बसून राहायची. माझी आजी त्यांतलीच. कोणाशी थोडा अबोला असला तरी म्हणायची, "मी कुठली योग्य!" पौलाने हे वाक्य मुळात कोणाला आणि कशावरून सुनावलं, हे समजल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून हे पत्र नीट लावायला घेतलं.

पहिलं काम म्हणजे अख्खं पत्र एका बैठकीत, मोठ्याने वाचलं. साधारण तासभर लागतो. आज दिसणारे अध्याय तेराव्या शतकातले, आणि वचनांचे आकडे सोळाव्या. करिंथच्या लोकांपुढे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचताही येत नसणार. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सलग ऐकल्यावर जाणवतं की फोनवर एकाच बाजूचं बोलणं कानावर यावं, तसं हे पत्र आहे. इफिस शहरात असलेल्या पौलाला ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी मंडळीतल्या भांडणांची खबर दिली आहे. शिवाय करिंथकरांनी स्वतः पत्र पाठवून प्रश्न विचारले आहेत. सातव्या अध्यायापासून तो त्यांना एकेक करून उत्तरं देतो. पाचव्या अध्यायात तर तो आपल्याच आधीच्या एका पत्राचा उल्लेख करतो. ते आज आपल्याकडे नाही. म्हणजे 'पहिलं' पत्रही पहिलं नाही!

मग वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे करिंथकर काय म्हणत असतील ते, उजवीकडे पौलाचं उत्तर. डावा रकाना भरणं अवघड. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नसतात, त्यामुळे कुठे पौल बोलतो आणि कुठे तो समोरच्याचं वाक्य उचलून खोडतो, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. "सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे" ही करिंथकरांचीच घोषणा असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं धरलं की सहावा अध्याय एकदम उलगडतो.

गाव समजून घेतल्यावर खरी गोडी लागली. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी करिंथ उद्ध्वस्त केलं. पुढे इ. स. पूर्व ४४ च्या सुमारास जुलियस सीझरने तिथे नवी वसाहत वसवली आणि गुलामीतून सुटलेली पुष्कळ माणसं तिथे आणली. दोन समुद्रांच्या मधली चिंचोळी पट्टी, एका बाजूला लेखायन बंदर, दुसऱ्या बाजूला किंख्रिया. व्यापार, नवा पैसा, आणि वर चढण्याची घाई. पौल तिथे केव्हा होता याचाही अंदाज बांधता येतो. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याला गल्लियो या अधिकाऱ्यापुढे उभं केल्याचं आहे, आणि डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२ च्या आसपास ठरतो. पत्र त्यानंतर दोन-चार वर्षांनी लिहिलेलं.

आता अकरावा अध्याय. तेव्हा चर्चची इमारत नव्हती. मंडळी जमायची कोणाच्या तरी घरी, आणि प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण होतं. सुखवस्तू रोमन घरातल्या जेवणघरात तीन बाजूंना तीन कोच, एकेकावर तीन जण रेलून बसणार, म्हणजे जेमतेम नऊ माणसं. बाकीच्यांची सोय अंगणात. मालकाच्या कामातून सुटून येणारा गुलाम किंवा बंदरावरचा हमाल उशिराच पोचणार. पौल लिहितो की एक जण भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांना तुम्ही लाजवता काय? आपल्याकडच्या पहिल्या पंगतीचा मान ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

'अयोग्य प्रकारे' हे शब्द याच रागाच्या भरात, दहा वाक्यांच्या आत येतात. आणि त्या प्रकरणाचा शेवट काय? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. हा दम पोटभर जेवून बसलेल्यांना होता. अंगणात ताटकळणाऱ्यांना नव्हता. माझ्या आजीला तर मुळीच नव्हता, असं मी ठामपणे म्हणेन. तीच ओळ ऐकून गरीब माणूस मेजापासून लांब राहतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

मूर्तीला दाखवलेला नैवेद्य ख्रिस्ती माणसाने खावा की नाही, हा प्रश्नही असाच जेवणाशी येऊन भिडतो. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत सापडलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांत, एक छोटी चिठ्ठी आहे, बहुधा दुसऱ्या शतकातली. खैरेमोन नावाचा माणूस उद्या, १५ तारखेला, नवव्या तासाला सेरापिस देवाच्या मंदिरात जेवायला बोलावतो आहे. बस, एवढंच. ती वाचल्यावर आठव्या अध्यायातली अडचण डोळ्यांपुढे उभी राहिली. असं बोलावणं नाकारायचं म्हणजे नातीगोती, धंदा, शेजार सगळ्यालाच धक्का. म्हणून पौल सरसकट नियम करत नाही. देवळातल्या मेजावर बसू नका. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी घरी बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. शेजारून गणपतीचा प्रसाद आला की आमच्या घरांत आजही हीच वचनं निघतात, आणि दोन्ही बाजूंनी निघतात.

सगळंच सुटलं असं नाही. अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात; चौदाव्यात त्यांनी गप्प बसावं असं येतं. ती वचनं मागाहून घुसली असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. काही प्राचीन प्रतींत ती चाळिसाव्या वचनानंतर येतात, हे त्यासाठी दाखवलं जातं. रविवारी उपासनेनंतर आम्ही काही जण बसतो, त्यात यावर अजून एकमत नाही. माझा कल अकराव्या अध्यायाकडे आहे. सध्या दुसरं पत्र घेतलं आहे. त्यात दहाव्या अध्यायापासून पौलाचा सूर अचानक इतका चढतो की दोन वेगळी पत्रं जोडली गेली असावीत, या मताकडे मी झुकू लागलो आहे. डावा रकाना पुन्हा रिकामा आहे.