सोडत, टेबल आणि एक लेखी हमी

हवामानबदलावर नागरिकांना बोलतं करायचं म्हटलं की आयोजक आधी सभागृह बघतात आणि जाहीर आवाहन करून मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते. आवाहनाला धावून येतात ती आधीच मत ठरवून बसलेली माणसं.

त्यापेक्षा नागरिक सभा बरी : सोडतीने निवडलेले सामान्य लोक चर्चा करून शिफारशी करतात. ब्रिटनच्या २०२० च्या हवामान नागरिक सभेसाठी सोडतीने निवडलेल्या ३०,००० घरांना पत्रं गेली, साधारण १,७५० जणांनी तयारी दाखवली आणि त्यातून ११० जण निवडले गेले. होकार देणाऱ्यांत जास्त शिकलेल्यांचा भरणा होतोच, म्हणून ही दुसरी सोडत वय, शिक्षण, प्रदेश वगैरे बघून काढायची. तिथे आणखी एक निकष होता : हवामानबदलाची काळजी किती वाटते? मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. काळजी न वाटणारे लोक खोलीत नसतील, तर झालेलं एकमत दाराबाहेर टिकत नाही.

प्रश्न नेमका हवा. फ्रान्सच्या १५० जणांच्या नागरिक अधिवेशनापुढचा प्रश्न असा होता : १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन किमान ४० टक्क्यांनी कमी करायचं, तेही सामाजिक न्याय सांभाळून, तर कसं? आकडा, मुदत आणि अट, तिन्ही आलं. ‘पृथ्वी कशी वाचवावी?’ असं विचारलं तर भाषणं ऐकायची तयारी ठेवा.

एका टेबलावर सहा ते आठ जण आणि एक सुलभक, म्हणजे चर्चा चालवणारा. आधी दोन मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, मग फेरी. नाहीतर पहिला बोलणारा सगळ्या टेबलाची दिशा ठरवून टाकतो. तज्ज्ञांनी विचारलं तेवढंच सांगावं आणि टेबलावरून उठावं.

खरा घोळ नोंदीत होतो. कुणी म्हणतं, ‘रात्री दहानंतरही बस मिळणार असेल तर मी गाडी सोडेन.’ सुलभक कार्डावर लिहितो : ‘सार्वजनिक वाहतुकीला प्रोत्साहन’. माणसाची अट गेली, उरलं ते कुणालाही मान्य होणारं बुळबुळीत वाक्य. म्हणून कार्ड बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावं आणि त्यालाच वाचून दाखवावं.

मत घेताना नुसते हात वर करायला लावू नका. ‘पूर्ण मान्य’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत पाच पायऱ्या ठेवा. खालच्या दोन पायऱ्यांवरच्यांना विचारा, ‘काय बदललं तर चालेल?’ मसुदा एकदा दुरुस्त करा, पुन्हा मत घ्या. तरीही उरलेला विरोध कारणांसह अहवालात जातो. मंजुरीसाठी किती टक्के लागतील, हे मात्र आधीच ठरलेलं असावं.

जागतिक पातळीवर सोडतही वेगळी लागते. २०२१ च्या ग्लोबल असेंब्लीत, म्हणजे जगभरातल्या नागरिकांच्या हवामान सभेत, लोकसंख्येच्या घनतेनुसार आधी जगातली १०० ठिकाणं सोडतीने निवडली, मग तिथली माणसं. एक वाक्य बोलून मग त्याचं भाषांतर, अशी पद्धत असेल तर वेळ जवळजवळ दुप्पट धरा.

शेवटी उत्तरदायित्व. फ्रान्समध्ये १४९ प्रस्ताव आले. ते ‘कुठलीही गाळणी न लावता’ पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्षांनी आधी म्हटलं होतं. नंतर काही वगळले, काही पातळ केले. २०२१ मध्ये सदस्यांनी सरकारी प्रतिसादाला १० पैकी सरासरी ३.३ गुण दिले. म्हणून सभा बोलावणाऱ्याकडून लेखी हमी घ्या : प्रत्येक शिफारशीला किती महिन्यांत उत्तर मिळेल आणि नकार असेल तर कारण कोण देईल. ही हमी निमंत्रणं टपालात पडण्याआधी हातात हवी. एकदा लोक येऊन बसले की ती मागायला तुमच्याकडे काही जोर उरत नाही.