कॅसेट, जुना लॅपटॉप आणि साडेसहाची वेळ: चौथा महिना

ऑफिसचं काम साडेसहाला थांबवून संध्याकाळी जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या, या उपक्रमाचा हा चौथा महिना. ६२ पैकी १७ कॅसेट उतरवून झाल्या. बाबांनी आकाशवाणीवरून टेप केलेली नाट्यगीतं आणि भावगीतं, बहुतेक सी-९०, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं.

आधी यंत्रांविषयी. घरून काम, टेबल एकच, लॅपटॉपही एकच, त्यामुळे रात्री दहालासुद्धा एखादी मेल उघडली जायची. आता कंपनीचा लॅपटॉप साडेसहाला कपाटात जातो आणि त्या जागी माझा जुना लॅपटॉप, थिंकपॅड एक्स२२०, येतो. मॉडेल २०११ चं, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. त्यात ऑफिसचं एकही खातं उघडलेलं नाही. हा बदल सर्वांत स्वस्त पडला आणि सर्वांत जास्त उपयोगी.

रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू या चिमुकल्या कॉम्प्युटरवर पाय-होल चालू आहे, म्हणजे घरच्या वायफायवर ठरावीक साइट अडवणारं सॉफ्टवेअर. ५१२ एमबी रॅम त्याला पुरते. माझ्या फोनसाठी दोन ग्रुप केलेत: दिवसा व्हिडिओच्या साइट बंद, संध्याकाळी ऑफिसचं चॅट बंद. ही अदलाबदल क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय, करतो. कोणी करणार असाल तर एक सांगतो. पाय-होलच्या डेटाबेसमध्ये हे ग्रुप ज्या टेबलात असतात त्याचं नावच 'ग्रुप' आहे आणि एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत) तो राखीव शब्द आहे, तेव्हा नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस'ही बंद करा, नाहीतर साइटचा पत्ता फोन दुसरीकडेच विचारतो, पाय-होलला विचारतच नाही. मोबाइल डेटापुढे मात्र याचं काही चालत नाही, म्हणून संध्याकाळी फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला असतो.

पण नुसत्या बंदीने संध्याकाळ मोकळी झाली तरी भरत नव्हती. ती भरली कॅसेटने. ४५ मिनिटांची बाजू उतरवायला ४५ मिनिटंच लागतात. तेवढा वेळ लॅपटॉपवर दुसरं काही करायचं नाही हा माझा नियम, कारण एकदा त्याच वेळी बाहेरच्या डिस्कवर फायली कॉपी करत होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये मध्येमध्ये आवाज तुटला. तेव्हापासून ऑडिओ इंटरफेस (टेपचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावतो आणि समोर बसून ऐकतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी.

या महिन्यातला खरा फरक टेपच्या हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, कोनाने पडला. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने हेड पुसलं, मग अझिमथचा (हाच तो कोन) स्क्रू केसभर फिरवत, मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐकत, सगळ्यात चकचकीत आवाज येईल तिथे थांबलो. माणिक वर्मांच्या एका गाण्यात तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) इतकी उघडी ऐकू आली की आधीच्या सहाही कॅसेट पुन्हा उतरवायला घेतल्या. बाबांच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार. त्यांच्या जवळजवळ सगळ्या कॅसेटना तोच कोन जुळतो. बाजारातल्या कॅसेटला स्क्रू परत फिरवावा लागतो.

लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. मूळ फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, ठेवतो, खरखर काढायची ती प्रतीवर, आणि तीही जपून.

अठराव्या कॅसेटचा प्रेशर पॅड (फीत हेडवर दाबून धरणारी छोटी गादी) गळून पडलाय आणि खोकं स्क्रूचं नाही, चिकटवलेलं आहे. शनिवारी ते ब्लेडने उघडून फीत स्क्रूच्या खोक्यात हलवणार. एक रिकामी सी-९० त्यासाठी खोलून ठेवली आहे.