आधी लॉग बघा: आमच्या फर्मची वाटचाल

आम्ही २००६ साली वेबसाईट बनवायला सुरुवात केली तेव्हा साईट आयई ६ मध्ये, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर ६ या ब्राउझरमध्ये, धड दिसली की बिल निघायचं, नाहीतर नाही. फायरफॉक्समध्ये सगळं जागच्या जागी आणि आयई ६ मध्ये उजवा कॉलम घसरून तळाला. फ्लोट केलेल्या, म्हणजे एका बाजूला सरकवलेल्या, डिव्हला (पानातल्या चौकटीला) त्याच बाजूचं मार्जिन दिलं की आयई ६ ते दुप्पट करायचा. उपाय एका ओळीचा, त्या डिव्हला डिस्प्ले इनलाईन ही स्टाईल. पण तो सापडेपर्यंत माणूस स्वतःच्या बेरीज-वजाबाकीवर शंका घ्यायला लागायचा. त्याच वर्षी फायरबग आलं, फायरफॉक्सला जोडायचं बग (कोडमधल्या चुका) शोधण्याचं अवजार. त्याआधी ज्यांनी काम केलंय त्यांनाच त्याचं मोल कळेल. तोवर आम्ही प्रत्येक डिव्हला लाल बॉर्डर लावून आणि स्क्रिप्टमध्ये जागोजागी अलर्ट (पॉप-अप संदेश) टाकून बग शोधत होतो. फायरबगने पान आतून उलगडून दाखवलं: कुठला नियम कुठल्या ओळीतून आला, कुठला रद्द झाला, कुठल्या फाईलला किती मिलिसेकंद लागले. २०१७ मध्ये ते बंद झालं, पण तोवर ब्राउझरांनी त्यातलं सगळं स्वतःत घेतलं होतं. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना मी ब्राउझरमधली ही अवजारं उघडायला एफ१२ दाबताना त्याचं नाव आवर्जून सांगतो.

फर्म म्हणजे तेव्हा मी आणि माझा भागीदार. तो सर्व्हरचा माणूस, मी समोरच्या पानांचा. क्लायंटशी बोलणं माझ्याकडे, कारण तो फोनवर तीन शब्दांच्या वर जात नसे. पण आमच्या फर्मची खरी दौलत त्याने सुरू केली, ती म्हणजे बगवही. लांब पानांचं साधं रजिस्टर. त्यात चार रकाने: लक्षण, कारण, उपाय आणि कसं सापडलं. चौथा रकाना हा त्याचा हट्ट. मी म्हणायचो, उपाय लिहिला की झालं ना. तो म्हणायचा, ‘अरे, उपाय त्या एका बगपुरता. वाट पुढच्या दहा बगना उपयोगी पडते.’

त्यातली एक नोंद आजही मी मुलांना वाचायला देतो. लक्षण: लॉगिनच्या पानावर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ (पानाआधी जायची माहिती पाठवायची वेळ गेली) हा एरर, फाईलच्या पहिल्या ओळीवर बोट. पहिल्या ओळीत तर काहीच नाही, सरळ पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची) सुरुवात. कारण: क्लायंटच्या ऑफिसात कुणीतरी फाईल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केली, नोटपॅडने सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे फाईलचं एन्कोडिंग सांगणाऱ्या अदृश्य खुणेचे, तीन बाईट चिकटवले. ते एडिटरमध्ये दिसत नाहीत, पण ब्राउझरकडे जातात आणि मग कुकी पाठवायची वेळ निघून गेलेली असते. कसं सापडलं: हेक्सडंप (फाईलचा एकेक बाईट दाखवणारी यादी) काढला, सुरुवातीलाच ईएफ बीबी बीएफ. डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, बाईट बघायचे, हे मी तिथे शिकलो.

पहिली काही वर्षं अशीच गेली. आता २०११.

त्या काळी बाजारातल्या शेकडो थीमबरोबर (साईटच्या तयार साच्यांबरोबर) फोटो कापून लहान करणारी एक छोटी स्क्रिप्ट यायची. क्लायंट थीम पसंत करून आणायचे, आम्ही ती बसवायचो, सगळेच बसवायचे. त्या स्क्रिप्टला बाहेरच्या काही ठरावीक साईटवरून फोटो आणायची मुभा होती. पण ठरावीक साईटचं नाव मागितलेल्या साईटच्या नावात कुठेही सापडलं तरी ती समाधानी व्हायची. म्हणजे हल्लेखोराने स्वतःच्या डोमेनला त्या नावाचं सबडोमेन पुढे जोडलं की दार उघडं. आणलेली फाईल कॅश (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरमध्ये, ते फोल्डर वेबवरून उघडं आणि फाईल पीएचपीची. ऑगस्टमध्ये ही भेग जाहीर झाली आणि जगभर साईट पडायला लागल्या.

आमच्याकडे ते कळलं एका विचित्र तक्रारीतून. क्लायंट सांगायचे, ‘साईट उघडली की औषधांच्या जाहिराती येतात.’ आम्ही उघडली की ठणठणीत. त्यांच्या ऑफिसात जाऊन उघडली तरी ठणठणीत, कारण तिथेही आम्ही पत्ता टाईप करत होतो. ते सर्च इंजिनवरून येत होते. भागीदाराने कर्ल या पान मागणाऱ्या कमांडला रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता) म्हणून सर्च इंजिन देऊन तीच साईट मागितली आणि उत्तरात ३०२ (‘दुसरीकडे जा’) आलं, भलत्याच पत्त्यावर. एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाईलमध्ये शेकडो रिकाम्या ओळी सोडून खाली नियम लिहिला होता: माणूस सर्चमधून आला तरच वळवा. मालक स्वतःच्या साईटवर सर्चमधून क्वचितच येतो, हे हल्लेखोरांना पक्कं ठाऊक होतं.

सफाई आम्ही कशी केली ते सांगतो, कारण आजही लोक हे काम उलटं करतात. आधी सगळं जसंच्या तसं कॉपी करून बाजूला ठेवलं. पुरावा पुसला तर दार सापडत नाही. मग गिट स्टेटस. आम्ही तेव्हा प्रत्येक साईट गिटमध्ये, म्हणजे फाईलींतला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या व्यवस्थेत, ठेवत होतो, आणि पुष्कळ जण हसायचे, एवढ्याशा साईटला कशाला. त्या रात्री एका कमांडमध्ये बदललेल्या आणि नव्याने उगवलेल्या फाईलींची यादी समोर आली. फाईलींच्या तारखा जुन्या दिसत होत्या. पण टच कमांडने एमटाईम (मजकूर बदलल्याची वेळ) मागे नेता येतो, सीटाईम (फाईलच्या नोंदीत बदल झाल्याची वेळ) तसा हलत नाही. भागीदाराने सीटाईमवर फाईंड ही शोधाची कमांड चालवली, मिळालेल्या वेळेवर अ‍ॅक्सेस लॉग (सर्व्हरने ठेवलेली भेटींची नोंद) उघडला, आणि कॅश फोल्डरमधल्या फाईलला बाहेरून आलेली पोस्ट रिक्वेस्ट (माहिती पाठवणारी मागणी) तिथे होती. दार सापडलं. स्क्रिप्ट बदलली, कॅश आणि अपलोडच्या फोल्डरांत पीएचपी चालणंच बंद केलं, सगळे पासवर्ड बदलले.

हे चालू असतानाच होस्टिंग कंपनीने आमचं आख्खं खातं सस्पेंड केलं. एका खात्यात सगळ्या साईट, त्यामुळे स्वच्छ असलेल्याही बंद. मेल त्याच सर्व्हरवर, तोही बंद. आम्ही साफ केलेल्या फाईलींची यादी, लॉग, वेळा, सगळं तिकिटात लिहून पाठवत होतो आणि उत्तर तेच ठरलेलं छापील. फोन माझ्याकडे वाजत होता. एक शिवी घालून ठेवला की दुसरा.

आणि त्याच वेळी आमच्या क्लायंटना दुसरीकडूनही फोन जात होते. ज्यांनी ते केले त्या फर्मचं नाव मी घेत नाही. त्यांचं ऑफिस मोठं होतं, माणसं जास्त होती, सादरीकरणं देखणी असायची. आमच्या प्रत्येक साईटच्या तळाशी ‘संकल्पना व निर्मिती’ म्हणून आमचं नाव असायचं. त्यांनी ते नाव सर्चमध्ये टाकलं, आमच्या क्लायंटची यादी त्यांना तयार मिळाली. फोनवर सांगितलं गेलं की आमच्याकडे व्हायरस आहे, तुमच्या गिऱ्हाइकांचा डेटा चोरीला गेला. डेटाबेसला कुणी हात लावल्याचा माग आम्हाला एकाही लॉगमध्ये मिळाला नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला लॉग वाचून दाखवता येत नाही. चांगले चांगले क्लायंट गेले. काहींची कामं आम्ही अर्ध्या दरात, उमेदवारीच्या दिवसांपासून केली होती.

मला आजही झोंबतं ते पुढचं. काही आठवड्यांनी मी त्यातल्या एका साईटचा सोर्स (पानामागचा कोड) उघडून पाहिला. नवीन ‘सिक्युरिटी पॅकेज’ विकून त्यांनी साईट हलवली होती, ती आमच्या हल्ल्याआधीच्या जुन्या बॅकअपवरून. फोटोंच्या पत्त्यांत तीच स्क्रिप्ट, बहुधा तशीच. आणि स्टाईलशीटमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाईलमध्ये) माझी कॉमेंट जशीच्या तशी: ‘आयई ६ साठी. या ओळीला हात लावू नये.’ खाली तळाला त्यांचं नाव. मी त्या क्लायंटना सविस्तर मेल लिहिला, धोका कुठे आहे, कुठली फाईल बदला, काही मोबदला नको. उत्तर आलं की तुम्ही आता आमचं काम बघत नाही. त्या फर्मने पुढे त्या साईटचं चित्र आपल्या कामांच्या यादीत पहिलं लावलं. माझी ओळ तिथे किती तरी वर्षं होती.

त्या दिवसांत आम्हाला उभं ठेवलं ते बेअरिंगवाल्या काकांनी. आमचे पहिले क्लायंट. बेअरिंगच्या नंबरांचा कॅटलॉग, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, असा शोध आम्ही त्यांना करून दिला होता. त्यांनाही तो फोन गेला होता. त्यांनी मला बोलावून एकच विचारलं, ‘नेमकं काय झालं ते मला कळेल असं सांगा.’ मी बगवही नेली होती. त्यातली ताजी पानं त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, मध्ये दोनदा थांबवून विचारलं. मग म्हणाले, ‘मशीन बंद पडलं की माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतो नवीन घ्या. दुसरा आधी खोलून बघतो.’ पुढच्या वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे त्यांनी त्याच दिवशी दिले. त्या पैशातून आम्ही स्वतंत्र सर्व्हर घेतला, प्रत्येक साईटला वेगळा युजर, मेल वेगळीकडे. आजही हीच रचना आहे.

काकांच्याच साईटवरचा आणखी एक बग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑर्डरबरोबर येणाऱ्या सूचना कधी कधी मध्येच तुटायच्या. ‘माल शुक्रवारी पाठवा’ आणि पुढे काही नाही. रोज नाही, सगळ्यांच्या नाही. फॉर्मची मर्यादा तपासली, रकान्याची लांबी तपासली, सगळं ठीक. शेवटी तुटलेल्या ऑर्डरी कुठल्या फोनवरून आल्या ते लॉगमध्ये लावून पाहिलं, आणि त्यातल्या एका गिऱ्हाइकाला विचारलं की तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. शुक्रवारनंतर नमस्काराचे हात होते, इमोजी. मायएसक्यूएल या डेटाबेसमधली ‘यूटीएफ८’ ही अक्षरं साठवायची साधी पद्धत एका अक्षराला तीनच बाईट देते. इमोजीला चार लागतात. स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) नसेल तर ते अक्षर आणि त्यापुढचं सगळं डेटाबेस गुपचूप टाकून देतो, फक्त एक वॉर्निंग सोडतो. उपाय यूटीएफ८एमबी४, जे मायएसक्यूएल ५.५.३ पासून होतं. पण ते लावलं की इंडेक्स (रकान्यात झटपट शोधायची सूची) बोंबलतो: मर्यादा ७६७ बाईटची, २५५ अक्षरं गुणिले तीन बसतात, गुणिले चार बसत नाहीत. म्हणून १९१. जुन्या डेटाबेसांत १९१ लांबीचा रकाना दिसला की समजावं, इथे कुणीतरी हे सगळं भोगलंय. नव्या मुलांना मायएसक्यूएल ८.० पासून हे आयतं मिळतं, चांगलंच आहे.

२०१३ नंतरची वर्षं कामाची गेली. मोबाईल आला, सगळ्या साईट नव्याने मांडल्या. पीएचपी ७ मध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढून टाकली, ते बदल केले. २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपीवर ‘नॉट सिक्युअर’ लिहायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या सगळ्या साईटना सुरक्षित जोडणीसाठी लागणारं सर्टिफिकेट आधीच होतं. भागीदार मधल्या काळात नोकरीत गेला, घरच्या जबाबदाऱ्या होत्या. बगवही त्याने माझ्याकडे ठेवली. अजूनही एखादा बग अडला की मी त्याला फोन करतो, आणि तो अजूनही तीन शब्दांत विचारतो, ‘लॉग काय म्हणतो?’

या धंद्यात नवीन असणाऱ्यांना काही गोष्टी सांगतोच. बॅकअप घेतला म्हणू नका. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून साईट उघडली, तर घेतला म्हणा. सर्व्हर बदलायचा असेल तर डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे त्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा, आदल्या दिवशीच ८६४०० वरून ३०० वर आणा, बदलताना नव्हे. चालू साईटवर एफटीपीने (थेट फाईल चढवून) हात घालू नका, घाई कितीही असो. आणि शोधण्याचे पैसे लावा. दुरुस्ती एका ओळीची म्हणून क्लायंट कुरकुर करतो, पण ती ओळ कुठली हे शोधण्यातच आपलं आयुष्य गेलेलं असतं. आमच्या बिलात ‘निदान’ ही वेगळी ओळ असते आणि ती कधीही कमी होत नाही.

माझी स्वतःची उद्दिष्टं आहेत, आणि ती बगवहीच्या मागच्या पानावर लिहिलेली आहेत. फर्म मोठी करायची नाही. प्रत्येक साईट मला स्वतःला आतून माहीत असावी इतकीच ठेवायची. आमच्या सगळ्या साईट माऊसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालल्या पाहिजेत. निम्म्याहून जास्त झाल्या, उरलेल्या चालू आहेत. बगवहीतल्या नोंदी शोधता येतील अशा टाईप करून घ्यायच्या, कारण जुन्या पानांची शाई उडायला लागली आहे. आणि सर्टिफिकेटचं काम आत्ताच मार्गी लावायचं. त्यांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. ज्यांच्याकडे अजून कुणीतरी कॅलेंडरमध्ये आठवण लावून हाताने सर्टिफिकेट बदलतंय, त्यांची तारांबळ उडणार. आमच्याकडचे शेवटचे काही हाताने चालणारे सर्व्हर मी सध्या स्वयंचलित करतोय.

नवीन काम आम्ही घेतो. मात्र डोमेन क्लायंटच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मेलवर असल्याशिवाय पहिली ओळसुद्धा लिहीत नाही. ते जुन्या डेव्हलपरकडे अडकलं असेल तर आधी सोडवून घ्या. त्यासाठी कुठली कागदपत्रं लागतात, ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा सांकेतिक क्रमांक) कसा मागायचा, हे आम्ही फुकट सांगतो.