अबोली आणि काजळ

रविवार, रात्री साडेअकरा

घरात सगळे झोपलेत. माझ्या मुलाच्या, नीलच्या टेबलावर दोन पारदर्शक डबे आहेत आणि त्यांत सापाची दोन पिल्लं. ती झोपली आहेत की जागी, हे मला सांगता येत नाही, कारण सापाला पापण्या नसतात. झाकणांच्या कड्या मी आत्ता तिसऱ्यांदा तपासून आले. आजचं आजच लिहून ठेवते.

हे सगळं सुरू झालं दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. आम्ही मुलुंड पश्चिमेला अगदी टोकाला राहतो, मागे नॅशनल पार्कचा डोंगर. एका सकाळी पार्किंगमध्ये धामण निघाली. वॉचमनच्या हातात काठी, वरच्या मजल्यांवरून आरडाओरडा. सर्पमित्र येईपर्यंत अप्पा, माझे सासरे, काठी आणि धामण यांच्या मध्ये उभे राहिले. अप्पा संगमेश्वरकडचे. त्यांच्या लहानपणी भाताच्या कणगीमागे धामण असायची आणि घरातलं कुणी तिला हाकलत नसे, कारण उंदीर तीच खायची. सर्पमित्राने धामण पिशवीत घालण्याआधी नीलने तिच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. तेव्हापासून पोराच्या डोक्यात दुसरं काही नाही.

"आपण पाळू या का हिला?" त्याने तिथेच विचारलं होतं.

"नाही रे बाळा," सर्पमित्र म्हणाला, "आपल्याकडचे साप घरात ठेवता येत नाहीत. १९७२चा वन्यजीव कायदा आहे. मीसुद्धा हिला घरी नेत नाही. वनखात्याला कळवतो आणि सोडतो."

मग नील वाचत सुटला आणि कॉर्न स्नेकवर येऊन थांबला. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांवर जगणारा. नावाबद्दल दोन गोष्टी सांगतात. तो मक्याच्या कोठारांत सापडायचा ही एक, आणि पोटावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात ही दुसरी. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिकडची धामण."

मी लगेच हो म्हटलं नाही. हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो. नील आज बारा वर्षांचा आहे, म्हणजे तो तिशीत येईपर्यंत. मधल्या काळात तो शिकायला, नोकरीला बाहेर जाणार. तेव्हा साप माझे असतील, सुट्टी असो की आजारपण. हे मनाशी पक्कं व्हायला मला वर्ष लागलं. झालं तेव्हाच हो म्हटलं.

आज मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रिक्षा करून गोरेगावला पाळीव सापांच्या प्रदर्शन-विक्रीला गेलो. हॉलमध्ये शिरताच लाकडाच्या भुशाचा वास. लांबच लांब टेबलं आणि त्यांवर श्रीखंडाच्या डब्यांसारखे गोल पारदर्शक डबे, एकावर एक रचलेले. प्रत्येकाच्या झाकणाला भोकं आणि आत वेटोळं करून बसलेलं एक पिल्लू. गर्दी पोराटोरांची. बरेच जण नुसते फोटो काढायला आलेले.

मी घरूनच एक प्रश्न ठरवून गेले होते आणि तो प्रत्येक टेबलावर विचारला. हा कुठे जन्मला?

पहिल्या तीन-चार ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "इम्पोर्टेड आहे, मॅडम." कुठून आला, कुणी आणला, याला उत्तर नाही. नीलचा जीव एका बॉल पायथनवर बसला. पिकल्या केळ्यासारखा पिवळा, घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडूसारखा गोळा होणारा. हे अजगर मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या जागतिक कराराचं नियंत्रण आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीपासून साइट्सच्या यादीतले प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत. असा प्राणी जवळ असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. मी नोंदणीचा कागद मागितला.

"कागद काय करायचाय, मॅडम? घरातच तर ठेवायचा आहे."

मी नीलचा हात धरून निघाले. तो रडला. मला वाईट वाटलं, पण मागे वळले नाही. डिसेंबर २०२३ची बातमी माझ्या डोळ्यांसमोर होती. आपल्याच मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. जो पुडा पकडला जात नाही, त्यातला साप शेवटी असल्याच एखाद्या टेबलावर येणार ना? बाहेरच्या बाकड्यावर बसून मी हे नीलला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुड्यात त्याला श्वास कसा घेता येत असेल?"

परत आत गेलो तर वाटेत आणखी एक अजगर दिसला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी, फारच देखणा. पण त्याचं डोकं स्थिर राहत नव्हतं. वर उचललं की एका बाजूला कलायचं, थरथरायचं, पुन्हा सरळ व्हायचं. "याला थंडी वाजतेय का?" नीलने विचारलं. थंडी नव्हती. बॉल पायथनच्या या रंगप्रकाराला स्पायडर म्हणतात. जो जनुक ही नक्षी देतो तोच हा कंपही देतो, दोन्ही एकत्रच येतात. एकाला ती नक्षी आवडली म्हणून दुसऱ्याने अशी जोडी लावायची आणि त्या जिवाने जन्मभर मान सावरत जगायचं. मला संताप आला, लिहितानाही येतोय. बघायला आलेली मुलं त्याला "नाचतोय" म्हणत होती.

शेवटच्या रांगेत पुण्याहून आलेल्या एका मुलीचं टेबल होतं. पंचविशीची असेल. पिल्लं थोडी, सगळी कॉर्न स्नेकची. माझा प्रश्न ऐकल्यावर तिने एक शंभर पानी वही पुढे केली. आई-बापांचे फोटो चिकटवलेले, अंडी घातल्याची तारीख, पिल्लं बाहेर आल्याची तारीख (मध्ये ६१ दिवस), आणि पुढे प्रत्येक पिल्लाचं पान. कोणत्या दिवशी खाल्लं, कोणत्या दिवशी नाकारलं, कात कधी टाकली, वजन किती. "माझ्याच घरी, कोथरूडला जन्मली सगळी," ती म्हणाली. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे ती नोंदणी याला लागत नाही. तरीही तिने स्वतःच्या सहीची पावती दिली.

मग तिने आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. झाकणाला कडी आहे का? उष्णतेच्या पट्टीला थर्मोस्टॅट आहे का? मे महिन्यात खोली किती तापते? पावसाळ्यात हवेतला ओलावा कसा कमी करणार? मुंबईत खरी काळजी थंडीची नाहीच, म्हणाली. पस्तिशीच्या वर गेलं तर साप दगावतो आणि कायम ओल राहिली तर पोटाचे खवले सडतात. दोन घेणार असाल तर डबे दोन, एकत्र ठेवायचे नाहीत, एकाने दुसऱ्याला गिळल्याचे प्रकार होतात. आमची उत्तरं पटल्यावरच तिने मोठा नर नीलच्या हातात दिला.

मीही हात लावला. ओलसर, बुळबुळीत लागेल अशी माझी आजवरची समजूत. हाताला लागलं ते पैठणीच्या पदरासारखं, डोक्याकडून शेपटीकडे बोट नेलं तर गुळगुळीत, उलट नेलं तर किंचित अडणारं. आणि आत सगळं हलत होतं. एक बारीक लाट पोटाखालून पुढे जायची आणि मग अख्खा साप तिच्यामागून जायचा.

दोन माद्या घेतल्या. नीलची नारिंगी, जिच्यात काळा रंग मुळीच नाही, ती अबोली. दुसरी राखाडी, लाल रंग नसलेली, ती काजळ. काजळ माझी. तिच्या मालकिणीने विचारलं, "मुलासाठीच ना दोन्ही?" मी म्हटलं, "नाही, ही मला हवी आहे." दिवाळीचा बोनस त्यात गेला.

परतीच्या रिक्षात डबे कापडी पिशवीत, पिशवी नीलच्या मांडीवर. पवईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

मंगळवार

आठवडाभर हात लावायचा नाही, असा नियम. फक्त पाणी बदलायचं. दोघी लपायच्या जागेतून बाहेर आलेल्या नाहीत. डब्याच्या एका टोकाला ३० अंश, दुसऱ्या टोकाला २५. संदीप, माझा नवरा, ऑफिसमधून आल्यावर आधी आकडे बघतो, मग बूट काढतो.

गुरुवार

सर्पमित्राला फोन केला. तो खूश नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. "ताई, साप घरात ठेवायचं मला पटत नाही, तुम्ही कितीही नीट ठेवलात तरी." मी वाद घातला नाही, त्याची बाजू मला कळते. त्याने नीलला फोनवर बोलावून शब्द घेतला की काही झालं तरी, कंटाळा आला तरी, हे साप डोंगरात सोडायचे नाहीत. परका साप आपल्या रानात गेला की आपल्या सापांना परके रोग लागतात.

रात्री पहिलं जेवण. अप्पांच्या खोलीतला जुना छोटा फ्रिज यासाठीच ठेवलाय, स्वयंपाकघरातला नाही. गोठवलेली पिंकी, म्हणजे उंदराचं केस न आलेलं पिल्लू, कोमट पाण्यात सोडून मऊ केली आणि लांब चिमट्याने पुढे धरली. अबोलीने जीभ दोनदा बाहेर काढली आणि झडप घातली. गिळायला सहा मिनिटं. काजळने शेपूट भुशावर थरथरवली, तड-तड असा आवाज आला, आणि मागे सरकली. अर्ध्या तासाने पिंकी काढून घेतली.

पुढचा गुरुवार

अबोलीने खाल्लं. काजळने नाही. वजन ११ ग्रॅम होतं, आज १०. पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "डोळे बघा तिचे."

शुक्रवार

डोळे दुधाळ निळे झालेत. कात टाकणार आहे. या दिवसांत तिला धड दिसत नाही आणि ती खात नाही. दोन आठवडे मी तिला घाबरवलं असं समजून स्वतःला बोल लावत होते. डब्यात ओल्या शेवाळाची छोटी वाटी ठेवली.

बुधवार

सकाळी जेवणाचे डबे भरताना नीलची हाक आली. कात दगडाला अडकलेली, अख्खी, उलटी झालेली, पायमोजा ओढून काढावा तशी. अप्पांनी चष्मा लावून ती खिडकीशी धरली. डोळ्यांवरची दोन गोल भिंगंसुद्धा त्यात शाबूत होती. अप्पा म्हणाले, "गावाला आम्ही पोरं ही कात शोधून पाटीच्या दप्तरात ठेवायचो." त्यांनी ती घडी न घालता एका जुन्या पाकिटात ठेवली आणि वर तारीख घातली.

काजळ आता राखाडी नाही, चांदीची दिसते.

गुरुवार, रात्री

पुण्याच्या त्या मुलीने दोघींची पानं वहीतून फाडून आमच्याकडे दिली होती. पुढच्या ओळी आम्हीच भरायच्या. काजळच्या पानावर तिच्या अक्षरात पाच जेवणं, मग माझ्या अक्षरात दोन फुल्या.

आज दिवा मंद केला, चिमटा डब्याच्या तळाशी आडवा ठेवला आणि हलवला नाही. संदीप दारात, अप्पा खुर्चीत, नील जमिनीवर पोटावर झोपून. जीभ बाहेर, आत, बाहेर. मग तिने डोक्याकडून धरलं, अगदी सावकाश. जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी. गळ्यात फुगवटा आला आणि हळूहळू मागे सरकत गेला.

नीलने पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं: काजळ, एक पिंकी, खाल्ली, रात्री ९.४०.